उच्च व्होल्टेजच्या चिपची कड: आराखड्यापासून चाचणीपर्यंत

पॉवर डायोड, किंवा मॉसफेट, आयजीबीटी यांसारखा पॉवर स्विच, ठरलेल्या व्होल्टेजच्या आधीच ब्रेकडाउन होतो, म्हणजे व्होल्टेज अडवायचे सोडून प्रवाह सोडू लागतो, तेव्हा दोष बहुधा चिपच्या मध्यभागी नसतो, कडेला असतो. मध्यभागी जंक्शन सपाट असते आणि विद्युत क्षेत्राच्या रेषा सरळ, समांतर उतरतात. कडेला मात्र जंक्शन वळून पृष्ठभागाला येऊन मिळते. त्या वळणावर रेषांची दाटी होते आणि क्षेत्र जिथे सर्वांत तीव्र असते तिथूनच ॲव्हलांच, म्हणजे वाहकांची साखळीने होणारी वाढ, सुरू होतो. कडेची काहीही व्यवस्था न केलेले उथळ जंक्शन आदर्श क्षमतेच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही, असे सहज घडते. ही दाटी मोडण्यासाठी सक्रिय भागाभोवती, म्हणजे प्रवाह वाहणाऱ्या मधल्या भागाभोवती, जी रचना करतात तिला एज टर्मिनेशन म्हणतात.

या लेखात सिलिकॉन कार्बाइडचा १२०० व्होल्टचा डायोड उदाहरण म्हणून घेतला आहे. सिलिकॉनमध्ये काय वेगळे होते ते जागोजागी सांगितले आहे. पी-एन जंक्शन, डिप्लिशन थर आणि इम्प्लांट म्हणजे काय एवढे माहीत असले की पुरे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. सिम्युलेशनमध्ये सर्वांत मोठा आकडा दाखवते ते टर्मिनेशन चांगले, असे नाही. डोस (दर चौरस सेंटिमीटरला इम्प्लांट केलेले अणू) आणि व्होल्टेजचा आलेख काढला तर आपल्याला शिखर नको, पठार हवे. डोस दहा टक्के इकडेतिकडे झाला, ऑक्साइडमध्ये थोडा चार्ज बसला, कडेच्या रचनेतल्या दोन रिंगांमधली फट जराशी कमी झाली, तरी व्होल्टेज जागचे हलू नये. पुढचे सगळे निर्णय या एकाच कसोटीवर घ्यायचे आहेत.

पायरी १: ड्रिफ्ट थराचा हिशेब

ड्रिफ्ट म्हणजे व्होल्टेज अडवणारा हलक्या डोपिंगचा थर. सिलिकॉन सुमारे २ ते ३ लाख व्होल्ट प्रति सेंटिमीटर एवढे क्षेत्र सोसते. सिलिकॉन कार्बाइडच्या ४एच या स्फटिक-प्रकारात ही मर्यादा जवळजवळ दहापट आहे. म्हणून सिलिकॉनमध्ये १२०० व्होल्टसाठी शंभर मायक्रॉनच्या आसपास जाडी लागते, तर सिलिकॉन कार्बाइडमध्ये १० मायक्रॉनची ड्रिफ्ट पुरते.

आपल्या उदाहरणात ड्रिफ्ट १० मायक्रॉन जाड आणि नायट्रोजनचे डोपिंग दर घन सेंटिमीटरला ८ × १०^१५ धरू. इथे १०^१५ म्हणजे १ वर १५ शून्ये. क्षेत्राची मर्यादा २४ लाख व्होल्ट प्रति सेंटिमीटर धरली, तर पूर्ण सपाट जंक्शन साधारण १६०० व्होल्टपर्यंत टिकते. हा आदर्श आकडा. कडेची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर हातात १४४० व्होल्ट येतात आणि १२०० व्होल्टचे रेटिंग निर्धास्त देता येते. तीच ६० टक्के असेल तर ९६० व्होल्ट येतात आणि तो वेफर कामाचा राहत नाही.

ड्रिफ्ट जाड करून कमकुवत कड झाकता येईल, असा विचार इथे हमखास मनात येतो. त्याची किंमत आधी काढून पाहा. आदर्श रचनेत ड्रिफ्टचा रोध व्होल्टेजच्या साधारण अडीचव्या घाताने वाढतो. कडेची कार्यक्षमता ९० वरून ८० टक्क्यांवर आली तर आदर्श व्होल्टेज साडेबारा टक्क्यांनी वाढवावे लागते आणि रोध एक तृतीयांशाने चढतो. कडेवर काही मायक्रॉनच्या रचनेत केलेली कुचराई अख्खी चिप आयुष्यभर उष्णतेच्या रूपात फेडत राहते.

क्षेत्रफळाचाही हिशेब इथेच करा. ५ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी चिपला चारही बाजूंनी १०० मायक्रॉनचे टर्मिनेशन दिले तर सक्रिय भाग ९२ टक्के उरतो. तेच टर्मिनेशन २ मिलिमीटरच्या चिपला दिले तर ८१ टक्केच. आणि १० मिलिमीटरच्या उच्च व्होल्टेज सिलिकॉन चिपला १ मिलिमीटरचे टर्मिनेशन लागले तर ६४ टक्के. चिप जितकी लहान किंवा व्होल्टेज जितके मोठे, तितका कडेचा प्रत्येक मायक्रॉन महाग.

पायरी २: रचना निवडा

मोठ्या गोल सिलिकॉन थायरिस्टरमध्ये (मोठे प्रवाह हाताळणाऱ्या स्विचमध्ये) अख्खा वेफर म्हणजेच एक उपकरण असते. तिथे कड घासून तिरपी करतात. जनरल इलेक्ट्रिकच्या डेव्हिस आणि जेंट्री यांनी १९६४ मध्ये या तिरप्या कडेचे गणित मांडले आणि ती पद्धत अजून वापरात आहे. एका वेफरवर शेकडो चिप्स असतात तिथे मात्र तिचा उपयोग नाही. आपल्यासमोर मुख्यतः दोन मार्ग उरतात.

पहिला मार्ग तरंगत्या रिंगांचा. काओ आणि वुली यांनी तो १९६७ मध्ये दाखवला. मुख्य जंक्शनभोवती पी प्रकारच्या रिंगा असतात आणि त्या कशालाही जोडलेल्या नसतात. व्होल्टेज वाढले की डिप्लिशन थर पसरत पसरत पहिल्या रिंगेला गाठतो, रिंग स्वतःचे एक मधले विभव धरते, थर पुढच्या रिंगेकडे सरकतो. एकाच ठिकाणी कोसळणारे व्होल्टेज असे टप्प्याटप्प्याने वाटले जाते. मोठी सोय म्हणजे या रिंगा मुख्य पी-प्लस (जड डोपिंगच्या पी) भागाबरोबर त्याच मास्कने, म्हणजे ठरावीक जागाच उघड्या ठेवणाऱ्या साच्याने, त्याच इम्प्लांटने होतात, वेगळा खर्च नाही. अडचण फटींची. सिलिकॉन कार्बाइडमध्ये पहिल्या काही फटी १ ते २ मायक्रॉनच्या असतात. लिथोग्राफीत (मास्कचा आराखडा वेफरवर उमटवताना) प्रत्येक खिडकी दोन्ही बाजूंना ०.१ मायक्रॉनने रुंदावली तर १ मायक्रॉनची फट ०.८ होते, म्हणजे थेट २० टक्क्यांचा फरक. त्यात इम्प्लांटचे आयन मास्कच्या काठाखाली बाजूलाही थोडे पसरतात, ते वेगळेच.

दुसरा मार्ग जंक्शन टर्मिनेशन एक्स्टेन्शनचा, म्हणजे जेटीईचा. टेंपल यांनी तो १९७७ मध्ये मांडला. मुख्य जंक्शनला लागून बाहेरच्या बाजूला हलक्या डोसचा पी पट्टा असतो. पूर्ण व्होल्टेजला हा पट्टा संपूर्ण रिकामा, म्हणजे डिप्लीट व्हायला हवा, तरच तो व्होल्टेज आपल्या अंगावर पसरवून घेतो. डोस कमी पडला तर पट्टा फार लवकर रिकामा होतो आणि दाटी पुन्हा मुख्य जंक्शनच्या वळणावर येते. डोस जास्त झाला तर पट्टा रिकामाच होत नाही आणि दाटी त्याच्या बाहेरच्या काठावर जाते. या दोहोंमधली जागा अरुंद असते. एकाच झोनच्या जेटीईचा आलेख अगदी टोकदार येतो आणि जास्त डोसच्या बाजूला तो विशेष वेगाने कोसळतो.

सुधारित टर्मिनेशन म्हणून आज जे काही ओळखले जाते, त्यातले बहुतेक या टोकाचे पठार करण्यासाठीच आहे. कल्पना एकच: डोस आतून बाहेर हळूहळू कमी करत न्यायचा. सिलिकॉनमध्ये हे सोपे पडते. मास्कमध्ये बाहेरच्या दिशेने अरुंद होत जाणाऱ्या फटी ठेवायच्या, बोरॉन टाकायचा आणि भट्टीत दीर्घकाळ तापवायचे. बोरॉन बाजूला पसरून फटी एकमेकींत मिसळतात आणि डोसचा उतार आपोआप तयार होतो. स्टेंगल आणि गोझेले यांची ही युक्ती १९८५ ची.

सिलिकॉन कार्बाइडमध्ये ॲल्युमिनिअम जवळजवळ हलतच नाही. १७०० अंश सेल्सिअसला तापवले तरी जिथे टाकले तिथेच बसते. त्यामुळे मिसळण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. तिथे पट्टा मुद्दाम तुकड्यांत ठेवतात: आत जवळजवळ सलग, बाहेर जाताना पट्ट्या अरुंद होत जातात आणि फटी रुंदावत जातात. फटी ड्रिफ्टच्या जाडीच्या मानाने लहान ठेवल्या की खालच्या क्षेत्राला तुकडे दिसत नाहीत, सरासरी डोस दिसतो. एकाच इम्प्लांटमध्ये अनेक झोन मिळतात. क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी याच प्रकारच्या जेटीईने २०१२ मध्ये २१.७ किलोव्होल्ट सोसणारा सिलिकॉन कार्बाइड डायोड दाखवला.

पहिल्याच प्रयत्नासाठी माझा सल्ला हाच आहे: एक सलग जेटीई झोन आणि त्याच डोसच्या, बाहेर विरळ होत जाणाऱ्या रिंगा. मास्क एकच वाढतो आणि डोसमधली चूक पोटात घालण्याची ताकद साध्या जेटीईपेक्षा बरीच जास्त असते. रुंदी ड्रिफ्टच्या तीन ते पाचपट, म्हणजे ३० ते ५० मायक्रॉन, इथून सुरुवात करा आणि सिम्युलेशन सांगेल तशी वाढवा.

पायरी ३: डोस ठरवा, पण परिणामी डोस

नवख्यांची सर्वाधिक दमछाक इथे होते, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

जेटीईला लागणारा डोस साधारण पदार्थाची परावैद्युतता गुणिले क्षेत्राची मर्यादा, भागिले इलेक्ट्रॉनचा चार्ज एवढा असतो. सिलिकॉनसाठी तो दर चौरस सेंटिमीटरला १.५ × १०^१२ च्या आसपास येतो, सिलिकॉन कार्बाइडसाठी सुमारे १.१ ते १.३ × १०^१३. हा आकडा इम्प्लांट मशीनवर टाइप करायचा नसतो. शेवटी तयार उपकरणात जो चार्ज कामाला येतो त्याचा तो आकडा आहे. मशीनवरचा आकडा उलट मोजत काढावा लागतो.

उदाहरण घेऊ. परिणामी डोस १.१ × १०^१३ हवा आहे. ऑक्साइडमध्ये आणि त्याच्या सीमेवर १ × १०^१२ एवढा धन चार्ज आहे असे समजा. जेटीईमधले ॲल्युमिनिअम ऋण आयन असते, त्यामुळे हा धन चार्ज त्यातला तेवढाच भाग निकामी करतो. म्हणजे सक्रिय ॲल्युमिनिअम १.२ × १०^१३ हवे. ॲनिलिंगमध्ये, म्हणजे इम्प्लांटनंतर भट्टीत तापवताना, टाकलेल्यापैकी ८० टक्केच अणू जागेवर बसून सक्रिय होतात असे धरले, तर इम्प्लांट १.५ × १०^१३ चा करावा लागतो. त्यानंतर पृष्ठभाग साफ करताना ऑक्सिडेशनमध्ये किंवा एचिंगमध्ये जो काही थर खरवडला जाईल, त्याच्याबरोबर गेलेला डोस आणखी वेगळा. ८० टक्के हा आकडा इथे फक्त हिशेब दाखवण्यासाठी घेतला आहे. तुमच्या भट्टीचा आकडा तुमच्याच वेफरवरून काढा.

सक्रिय डोस तपासायला शीट रोध (पातळ थराचा पृष्ठभागाशी समांतर रोध) मोजून मोकळे होणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. सिलिकॉन कार्बाइडमध्ये ॲल्युमिनिअमची ऊर्जापातळी खोल असते आणि खोलीच्या तापमानाला त्यातले थोडेच अणू होल देतात. शीट रोध त्या होलांवरून ठरतो. पण डिप्लिशन थरात मात्र सगळे सक्रिय अणू आयन होऊन चार्ज देतात. शीट रोध एका वेफरची दुसऱ्याशी तुलना करायला चांगला, परिणामी डोस थेट वाचायला नाही. त्यासाठी पुढच्या पायरीतली चाचणी-रचना जास्त विश्वासाची.

पायरी ४: लेआउट

कोपऱ्यांकडे सर्वांत आधी पाहा. चौकोनी चिपच्या कोपऱ्यात जंक्शन दोन दिशांनी वळते आणि दाटी सरळ कडेपेक्षा जास्त होते. कोपरे गोल करा आणि त्यांची त्रिज्या डिप्लिशन थराच्या जाडीच्या अनेक पटींनी मोठी ठेवा. १० मायक्रॉनच्या ड्रिफ्टला १०० मायक्रॉनच्या आसपासची त्रिज्या ही सुरक्षित सुरुवात. सक्रिय भाग थोडा कमी होतो, तो होऊ द्या.

रिंगांमधली फट कोपऱ्यात आणि सरळ भागात सारखीच राहते ना, हे लेआउट मोठे करून डोळ्यांनी तपासा. गोलाईचे रूपांतर लहान रेषांत करताना सॉफ्टवेअर कधी कधी फट दशांश मायक्रॉनने बदलते, आणि आपल्याला तेवढेच पुरते.

सगळ्यात बाहेर, कापायच्या रेषेच्या आत, एन-प्लसची चॅनेल-स्टॉपर रिंग ठेवा. डिप्लिशन थर चिपच्या कापलेल्या काठापर्यंत पोहोचता कामा नये, कारण तो काठ सूक्ष्म भेगांनी भरलेला असतो आणि तिथे गळती हमखास होते.

आणि मास्कवर थोडी जागा चाचणी-रचनांसाठी राखा. ही जागा वाया गेली असे कुणी म्हटले तरी सोडू नका. किमान एवढे हवे:

- लहान गोल डायोड, ज्यांना कोपरेच नाहीत. शेजारी तेवढ्याच क्षेत्रफळाचे चौकोनी डायोड. दोहोंतला फरक म्हणजे कोपऱ्याचा दोष.
- पहिल्या फटीची मापे थोडी कमी-जास्त केलेली, तीच रचना असलेली मालिका.
- जेटीईची रुंदी बदलत नेलेली मालिका.
- टर्मिनेशन अजिबात नसलेला एक डायोड. कडेच्या व्यवस्थेने किती कमावले ते याच्याशी तुलना करूनच कळते.

पायरी ५: सिम्युलेशन

छेदाचे द्विमितीय मॉडेल पुरते, गोल कोपऱ्यासाठी तोच छेद अक्षाभोवती फिरवून चालवा. ग्रिड जेटीईच्या दोन्ही काठांवर आणि प्रत्येक रिंगेच्या कोपऱ्यावर दाट हवी. बाकी ठिकाणी विरळ चालते. ४एच सिलिकॉन कार्बाइडमध्ये ॲव्हलांचचे गुणांक स्फटिकाच्या दिशेनुसार बदलतात, त्यासाठी योग्य मॉडेल निवडले आहे का ते पाहा.

पहिला आलेख काढायचा तो डोस आणि ब्रेकडाउन व्होल्टेजचा, आणि तोही पृष्ठभागावरच्या चार्जच्या तीन वेगवेगळ्या मूल्यांसाठी. तिन्ही रेषा जिथे एकत्र सपाट राहतात, तो तुमचा डोस. सर्वांत उंच बिंदू कुठे आहे हे दुय्यम.

दुसरा आलेख पृष्ठभागावरच्या क्षेत्राचा. सिलिकॉन कार्बाइडची सापेक्ष परावैद्युतता सुमारे ९.७ आणि सिलिकॉन डायऑक्साइडची ३.९. सीमेवर लंब दिशेचे क्षेत्र या प्रमाणात वाढते, म्हणजे ऑक्साइडमध्ये ते अडीचपट होते. ऑक्साइड दीर्घकाळ टिकवायचा तर त्यातले क्षेत्र ३० ते ४० लाख व्होल्ट प्रति सेंटिमीटरच्या खाली ठेवावे लागते, तेव्हा पृष्ठभागावरच्या क्षेत्राची मर्यादा १२ ते १६ लाख झाली. ब्रेकडाउन व्होल्टेज उत्तम आणि पृष्ठभागावरचे क्षेत्र वाईट, अशी रचना पहिल्या चाचणीत झळकते आणि हजार तासांच्या चाचणीत पडते. सिलिकॉनमध्ये ही काळजी कमी असते, कारण सिलिकॉन स्वतःच खूप आधी ब्रेकडाउन होतो.

पायरी ६: वेफरवर

सुरुवात एन-प्लस सब्सट्रेटवर, म्हणजे तळाच्या वेफरवर, वाढवलेल्या एपिटॅक्सीपासून (स्फटिक-थरापासून) होते. वेफर हातात आला की जाडी आणि डोपिंग मध्यापासून काठापर्यंत अनेक बिंदूंवर मोजा. पुढे काही बिघडले तर दोष एपिचा की आपला, हे याच नोंदींवरून ठरेल.

आधी अलाइनमेंटच्या खुणा वेफरमध्येच एच करून (कोरून) घ्या. सिलिकॉनमध्ये इम्प्लांटनंतरच्या ऑक्सिडेशनमुळे मागे पायरी उरते, इथे तसे काही दिसत नाही, आणि ॲनिलिंगच्या तापमानात टिकेल अशी दुसरी खूण नाही.

इम्प्लांटचा मास्क जाड ऑक्साइडचा असतो, दीड ते दोन मायक्रॉनचा. पी-प्लसच्या जड डोसला वेफर ५०० अंशांच्या आसपास तापवून ठेवतात, म्हणजे स्फटिकाची मोडतोड सावरता येण्याजोगी राहते. त्या तापमानाला फोटोरेझिस्ट टिकत नाही. मास्कची भिंत किती उभी आहे ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नक्की पाहा. भिंत तिरपी असेल तर तिच्या पातळ भागातून आयन आरपार जातात आणि रिंगेची कड आराखड्यापेक्षा बाहेर सरकते. इथे १ मायक्रॉनची फट ०.६ झालेली असू शकते, आणि वरून घेतलेल्या फोटोत ती अगदी व्यवस्थित दिसते.

ॲल्युमिनिअम एकाच ऊर्जेने टाकत नाहीत. काही दहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपासून साडेतीनशे-चारशेपर्यंत अनेक टप्पे घेतात, तेव्हा पृष्ठभागापासून जवळजवळ अर्ध्या मायक्रॉनपर्यंत सारखा थर मिळतो. जेटीईचा डोस या सर्व टप्प्यांची बेरीज असतो. नोंदवहीत प्रत्येक टप्पा स्वतंत्र लिहा.

मग ॲनिलिंग. वेफरवर फोटोरेझिस्टचा थर देऊन, तो निर्वात किंवा निष्क्रिय वातावरणात भाजून कार्बनचे कवच करतात. त्यानंतर आर्गॉनमध्ये १६०० ते १७५० अंश सेल्सिअस. कवच नसेल तर पृष्ठभागावरून सिलिकॉन उडतो आणि पायऱ्या-पायऱ्यांचा खडबडीतपणा येतो. जेटीई उथळ असल्याने हा खडबडीतपणा थेट डोसमधला चढउतार ठरतो. कवच नंतर ऑक्सिजन प्लाझ्माने काढून टाकायचे.

पृष्ठभागाचा खराब झालेला वरचा थर काढण्यासाठी एकदा ऑक्साइड वाढवून तो हायड्रोफ्लोरिक आम्लाने काढतात. या आम्लाचा सौम्य द्राव त्वचेवर पडला तर लगेच आग होत नाही, आणि म्हणूनच तो घातक आहे. ते खोलवर मुरते. योग्य हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, जवळ कॅल्शिअम ग्लुकोनेट जेल, आणि सोबतीला दुसरे माणूस असल्याशिवाय हे काम करू नका. थेंब पडल्याची नुसती शंका आली तरी लगेच भरपूर पाण्याने धुवा, जेल लावा आणि डॉक्टरांकडे जा.

त्यानंतर फील्ड ऑक्साइड, म्हणजे कडेवरचे ऑक्साइडचे आवरण: आधी पातळ वाढवलेला थर, वर जमा केलेला जाड थर. पायरी ३ मधला पृष्ठभागाचा चार्ज इथेच जन्माला येतो. इम्प्लांट काटेकोर आणि फील्ड ऑक्साइड ढिला, असे काम करून उपयोग नसतो. या थरात सोडिअमसारखे फिरते आयन शिरू नयेत म्हणून भट्टीची नळी, पाणी आणि हाताळणी यांची स्वच्छता गेट ऑक्साइडइतकीच गांभीर्याने घ्या.

पायरी ७: धातू, पॅसिव्हेशन, कापणी

धातूचा थर मुख्य जंक्शनच्या काठाबाहेर ऑक्साइडवर थोडा पुढे नेला तर तो फील्ड प्लेटचे, म्हणजे क्षेत्र पसरवणाऱ्या पत्र्याचे, काम करतो. फार पुढे नेला तर त्याच्या टोकाखालच्या ऑक्साइडमध्ये नवी दाटी होते. सिम्युलेशनमध्ये धातू काढायला विसरू नका.

वर पॅसिव्हेशनचे, म्हणजे संरक्षणाचे, थर: सिलिकॉन नायट्राइड आणि त्यावर जाड पॉलिइमाइड. नायट्राइड ओलावा आणि आयन अडवतो, पॉलिइमाइड यांत्रिक ताण घेतो आणि हवेतली ठिणगी दूर ठेवतो. पॉलिइमाइड साधारण ३५० अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने पक्के करतात. घाईत तापवले तर आत द्रावक अडकतो, आणि त्या जागी पुढे ओलावा साचतो. धातूच्या पायरीवर नायट्राइडला भेग आहे का, हे छेद घेऊन पाहायची सवय लावा.

कापणीबद्दल एवढेच: सिलिकॉन कार्बाइड अतिशय कठीण असतो, पाते हळू चालवा, आणि काठावरचे टवके चॅनेल-स्टॉपरपर्यंत पोहोचले नाहीत ना ते तपासा.

पायरी ८: मोजणी, आणि प्रकाश वाचणे

वेफरवर उघड्या हवेत १५०० व्होल्ट लावले तर चिपच्या आधी हवाच ठिणगी टाकेल. सामान्य दाबाला १०० मायक्रॉनच्या हवेच्या फटीत सुमारे १००० व्होल्टलाच ठिणगी पडते. मोजणी फ्लोरिनयुक्त विद्युतरोधक द्रवात करा किंवा दाबयुक्त हवेचा प्रोब (चिपला टेकवायची सुई) वापरा. झाकण उघडताच व्होल्टेज तोडणारा इंटरलॉक चालू आहे याची दर वेळी खात्री करा, आणि स्रोत बंद केल्यावर केबलमधला चार्ज जमिनीला उतरवल्याशिवाय प्रोबला हात लावू नका.

विद्युतप्रवाहाची मर्यादा काही मायक्रोॲम्पिअरवर ठेवून व्होल्टेज हळू वाढवा. आलेखाचे वळण तीक्ष्ण आणि पुन्हापुन्हा एकाच जागी आले तर उत्तम. प्रत्येक फेरीला ब्रेकडाउन थोडे थोडे सरकत असेल, तर ऑक्साइडमध्ये चार्ज शिरतो आहे. असा डायोड वर सरकला तरी आनंद मानू नका, तो स्थिर नाही एवढेच त्यातून कळते.

आता या कामातला माझा सर्वांत आवडता भाग. ॲव्हलांच चालू असताना जंक्शन मंद प्रकाश देते. संवेदनशील कॅमेरा असलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली, अंधारात, चिपला ब्रेकडाउनवर धरून ठेवा आणि प्रकाश कुठे उमटतो ते पाहा. मुख्य जंक्शनच्या काठाने सलग उजळलेली रेषा दिसली तर जेटीईचा परिणामी डोस कमी पडला आहे. तीच रेषा जेटीईच्या बाहेरच्या काठावर असेल तर डोस जास्त झाला आहे. फक्त चार कोपरे उजळले तर त्रिज्या वाढवा. एका रिंगेच्या बाहेरच्या काठावरच प्रकाश असेल तर तिच्या नंतरची फट मोठी झाली आहे. एखादाच ठिपका, तोही दर चिपवर वेगळ्या जागी, म्हणजे दोष एपिटॅक्सीतला किंवा धुळीचा, आराखड्याचा नव्हे. आलेखातून फक्त कळते की व्होल्टेज कमी आले. प्रकाशावरून पुढच्या मास्कमध्ये काय बदलायचे ते कळते. कॅमेऱ्याची सोय नसेल तर ती जिथे असेल तिथे वेफर घेऊन जा, पण ही पायरी गाळू नका.

ही माहिती चाचणी-रचनांच्या आकड्यांशी जुळवा. गोल डायोड १४५० ला आणि चौकोनी १२५० ला ब्रेकडाउन होत असेल, आणि प्रकाश कोपऱ्यात असेल, तर डोसला हात लावण्याचे कारण नाही.

ॲव्हलांच सोसण्याची चाचणीही इथेच करा. इंडक्टरमधली ऊर्जा अचानक डायोडवर सोडली की ती कुठे तरी जिरावी लागते. ब्रेकडाउन कडेवर होत असेल तर सगळा प्रवाह त्या अरुंद पट्ट्यातून जातो आणि तो पट्टा जळतो. म्हणून सक्रिय भागातील रचना कडेपेक्षा जरा आधी ॲव्हलांचमध्ये जाईल अशी आखतात, म्हणजे ऊर्जा मोठ्या क्षेत्रात वाटली जाते. जळालेली चिप उघडून काळा डाग मध्ये आहे की कडेला, ते बघा.

पायरी ९: दीर्घ चाचण्या

पहिली चाचणी उच्च तापमानातल्या उलट्या व्होल्टेजची: १५० किंवा १७५ अंश सेल्सिअस, १००० तास. इथे फिरते आयन आणि ऑक्साइडमधला चार्ज उघडे पडतात. गळतीचा प्रवाह फक्त शेवटी मोजू नका, संपूर्ण काळ नोंदवत राहा. हळूहळू चढणारी रेषा आणि अचानक उडी मारणारी रेषा यांची कारणे वेगळी असतात. पहिलीत चार्ज सरकतो आहे, दुसरीत बहुधा एखादी भेग किंवा ठिणगी आहे.

दुसरी ओलाव्याची: ८५ अंश सेल्सिअस, ८५ टक्के आर्द्रता आणि रेटिंगच्या ८० टक्के व्होल्टेज, म्हणजे आपल्या डायोडला ९६० व्होल्ट, हेही १००० तास. पॉलिइमाइडमधून ओलावा आत शिरतो आणि कडेवरच्या तीव्र क्षेत्रात ॲल्युमिनिअम गंजायला लागतो. पायरी ७ मधली नायट्राइडची भेग इथे सापडते. नापास झालेल्या चिपवरचे पॉलिइमाइड काढून आधी धातूचा बाहेरचा काठ आणि मग चॅनेल-स्टॉपर रिंग सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

चाचणीला बसवण्याआधी प्रत्येक चिपचा वेफरवरील पत्ता, म्हणजे कितवी ओळ आणि कितवा स्तंभ, लिहून ठेवा. नापास चिप्स वेफरच्या एकाच बाजूला जमल्या असतील तर इम्प्लांट, एचिंग किंवा पॉलिइमाइडच्या नोंदी त्याच बाजूसाठी काढून बघा. सगळीकडे विखुरल्या असतील तर सिम्युलेशनमधल्या पृष्ठभागाच्या चार्जचे मूल्य बदलून डोसचा आलेख पुन्हा काढा, आणि पुढच्या वेफरवर त्या डोसच्या थोडे खाली आणि थोडे वर असे दोन इम्प्लांट घ्या.